टायटल डीड आमच्या नावावर, भाडं भलत्याच्याच खिशात

दुबईतला आमचा फ्लॅट खरा आहे. दुबई लँड डिपार्टमेंटने (तिथलं जमीन-नोंदणीचं सरकारी खातं) दिलेलं टायटल डीड, म्हणजे मालकीचा दस्त, आम्हा नवरा-बायकोच्या नावावर आहे, नोंदणीचं ४ टक्के शुल्क भरलेलं आहे, सगळे पैसे बँकेतून गेलेले आहेत. परदेशातल्या घरात फसवणूक झाली म्हटलं की लोकांना वाटतं जागाच नसेल, नाहीतर कागद बनावट असतील. आमच्या बाबतीत तसं काहीच नव्हतं, म्हणूनच हे लिहिते आहे. बहुतेकांची सावधगिरी खरेदीच्या दिवसापर्यंतच टिकते. आमची लूट सुरू झाली ती घर नावावर झाल्यानंतर.

एजंट मराठी बोलणारा, तिथे बरीच वर्षं राहिलेला. मला ताई म्हणायचा, यांना दादा. खरेदीचं काम त्याने चोख केलं, आणि आता कळतं की ते चोख करण्यावाचून त्याला दुसरा मार्गच नव्हता. दुबईत एजंटला रेराकडे, म्हणजे तिथल्या घरबाजाराच्या सरकारी नियामकाकडे, नोंदणी करावी लागते, खरेदी-विक्रीचा करार रेराच्या ठरलेल्या ‘फॉर्म एफ’वर होतो, हस्तांतर अधिकृत ट्रस्टी कार्यालयात होतं आणि तिथे विक्रेत्याच्या नावाचा मॅनेजर चेक (बँकेने स्वतः काढलेला चेक) हातात दिला जातो. मध्ये हात घालायला जागा नाही. एकदा मात्र त्याने सुचवून पाहिलं होतं: “दादा, थोडी रक्कम इथेच रोख द्या, तिकडे मी भरून टाकतो.” यांनी साफ नकार दिला. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, तेही बँकेतून, ए-२ फॉर्म भरून. इथे रोख देऊन तिथे चुकती करणं म्हणजे सरळ हवाला. त्या नकारामुळेच आज आमच्याकडे पाठवलेल्या पै-पैचा पुरावा आहे.

घर झालं. आता ते सांभाळणार कोण? “ताई, मी आहे ना इथे.” त्याने मुखत्यारपत्राचा मसुदा पाठवला. फ्लॅट भाड्याने देणं, भाडं स्वीकारणं, कुठल्याही सरकारी खात्यापुढे आमच्या वतीने सह्या करणं, सगळा पत्रव्यवहार करणं, असं सगळं त्यात होतं. ते इथे नोटरीकडे झालं, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग अमिरातीच्या दूतावासाचा, मग तिथे अरबी भाषांतर. इतके शिक्के बसले की कागद कुणीतरी नीट तपासला असणार असं वाटू लागतं. प्रत्यक्षात प्रत्येक शिक्का एवढंच सांगतो की मागची सही आणि मागचा शिक्का खरा आहे. त्या सहीने तुम्ही काय देऊन बसला आहात, हे कुठल्याच खिडकीवर कुणी बघत नाही.

त्यानंतर सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. भाडेकरू मिळत नाही, मार्केट थंड आहे. एसीचा कॉम्प्रेसर गेला, बिलाचा फोटो. रंग द्यावा लागेल, म्हणजे भाडेकरू पटकन मिळेल. पुन्हा बिलाचा फोटो. इमारतीचा सर्व्हिस चार्ज, म्हणजे देखभाल खर्च, दर तिमाहीला, तो त्याच्या कंपनीच्या खात्यात पाठवायचा आणि तो पुढे भरणार. रक्कम कधीच डोळ्यांत भरण्याएवढी नसे. आम्ही विचारलं की तो चिडत नसे, उलट लगेच रिकाम्या खोल्यांचा व्हिडिओ पाठवायचा. ते व्हिडिओ खरेच होते. दोन पाहुण्यांच्या मधल्या दुपारी काढलेले, हे खूप नंतर कळलं.

शेवटी, भाडंच येत नाही तर विकून टाकू, असं ठरवून आम्ही मुद्दाम दुसऱ्या एजंटला गाठलं. विक्रीसाठी इमारतीची ना-हरकत लागते आणि सर्व्हिस चार्जची बाकी असेल तर ती मिळत नाही. त्या दुसऱ्या एजंटचा फोन आला: तुमची बाकी खूप आहे, पहिल्यापासून जवळजवळ काहीच भरलेलं नाही, नोटिसाही गेल्या आहेत. नोटिसा गेल्या होत्या, पण एजंटच्या ईमेलवर. खरेदीच्या वेळीच त्याने मालकाचा संपर्क म्हणून स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ईमेल नोंदवला होता. दुबईच्या २०१९ च्या सहाव्या कायद्यानुसार अशी थकबाकी नोटिशीनंतर ३० दिवसांत भरली नाही, तर प्रकरण भाडेवाद केंद्राच्या अंमलबजावणी न्यायाधीशापुढे जातं आणि फ्लॅटचा लिलावही होऊ शकतो. म्हणजे आम्ही दर तिमाहीला पैसे पाठवत होतो आणि त्याच वेळी घर लिलावाच्या दिशेने चाललं होतं.

त्याच माणसाने दुसरी गोष्ट सांगितली, ती ऐकून मी कितीतरी वेळ बोलू शकले नाही. आमचा ‘रिकामा’ फ्लॅट हॉलिडे होम म्हणून रात्रीच्या भाड्याने चालू होता, आणि तोही रीतसर. त्यासाठी तिथल्या अर्थव्यवस्था व पर्यटन विभागाचा परवाना लागतो. तो त्याने आमच्याच मुखत्यारपत्रावर काढला होता. येणाऱ्या पाहुण्यांची नोंद होत होती, सरकारला टुरिझम दिरहम, म्हणजे पाहुण्यांवरचं पर्यटन शुल्क, जात होता. सरकारी नोंदीत सगळं स्वच्छ दिसत होतं. फक्त मालकाला पत्ता नव्हता.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगते. जिथे सरकारी नोंद आणि आमची थेट सही होती, तिथे त्याला एक दिरहमही काढता आला नाही. जिथे मध्ये फक्त त्याचा शब्द होता, तिथे त्याने काहीच सोडलं नाही. तुम्ही तिथे राहत नसाल, तर घराबद्दलची प्रत्येक बातमी एकाच माणसाकडून येते आणि प्रत्येक रुपया त्याच माणसाच्या हातून जातो. हे दोन वेगळे करता आले तर पाहा.

लँड डिपार्टमेंट आणि इमारतीचं व्यवस्थापन, दोन्हीकडे मालक म्हणून तुमचाच ईमेल आणि तुमचाच मोबाइल हवा. नोंदणीच्या वेळी तो फॉर्म स्वतः वाचा. इतर सगळ्यांपेक्षा मी यावर जास्त जोर देते, कारण आम्हाला नोटीस मिळाली असती तर पहिल्याच वर्षी सगळं उघडं पडलं असतं. सर्व्हिस चार्जला रेराची मंजुरी लागते आणि बिलं मोल्लाक नावाच्या प्रणालीतून निघतात. ते बिल मागा आणि त्यावरच्याच खात्यात भरा. एजंटच्या खात्यात कधीच नाही, मग तो कितीही गोड बोलो. वर्षाच्या भाड्याने दिलं तर करार ‘एजारी’ या भाडेकरारांच्या सरकारी नोंदणीत नोंदवलेला हवा, आणि भाडेकरूचे पुढच्या तारखांचे चेक तुमच्या नावाचे हवेत. आणि वीज-पाण्याचं बिल बघत राहा! बंद घरात एसी आणि पाणी इतकं कसं वापरलं जातं, हा प्रश्न आम्ही विचारूच शकलो नाही, कारण ते बिलही त्याच्याच ईमेलवर जात होतं.

इथली बाजूही आहेच. परदेशातली मालमत्ता दरवर्षी आयकर विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवावी लागते. न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. आम्ही ती दाखवत होतो, उत्पन्न शून्य लिहून. आता कागदोपत्री आमच्याच मुखत्याराने आमच्या वतीने भाडं घेतल्याचं निघालं, तेव्हा सीएसमोर बसून वर्षावर्षाचा हिशेब मांडावा लागला. आमच्या हाती एक पैसाही आलेला नसताना.

मुखत्यारपत्र रद्द करणंही फोनवर होत नाही. रद्दपत्र रीतसर नोंदवावं लागतं, एजंटला त्याची नोटीस पोचवावी लागते, आणि व्यवस्थापन, पर्यटन विभाग, बँक यांना वेगवेगळं लेखी कळवावं लागतं. नाहीतर जुन्या कागदावर तो सह्या करतच राहतो. नवीन मुखत्यारपत्र आम्ही वकिलाला दिलं आहे. मुदत ठरलेली, काम एकच, पैसे स्वीकारण्याचा अधिकार नाही. थकबाकी आम्ही पुन्हा एकदा खिशातून भरली, फ्लॅट वाचला. दावा चालू आहे. दुबईच्या न्यायालयाचं काम अरबीत चालतं, त्यामुळे प्रत्येक चॅट, प्रत्येक बिलाचा फोटो अधिकृत भाषांतरकाराकडून अरबीत करून घ्यावा लागतो. त्याची ती सगळी “ताई, काळजी करू नका” आता अरबीत दाखल झाली आहेत.