रानभाजी फेरी: शेवळांनी घसा धरला, तरी पैसे वसूल

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कर्जतच्या पुढे रानभाज्या ओळखायच्या फेरीला जाऊन आले. माणशी 900 रुपये, चहा-पोहे आणि दुपारचं जेवण धरून. जाहिरातीत 'फक्त 12 जण' होतं. स्टेशनबाहेर मोजले तर 27 निघालो. पायवाटेवर एवढी रांग लागल्यावर पुढे काय दाखवतायत ते मागच्याला कसं कळणार? आणि माझ्या गुडघ्यामुळे मी कायम मागे.

पण तेच पथ्यावर पडलं. कोणी मागे राहू नये म्हणून शेवटाला गावातल्या एक ठाकर मावशी चालत होत्या. पुढे फेरी नेणारा मुलगा स्पीकरवरून झाडांची लॅटिन नावं सांगत होता, इकडे मावशींनी फोडशी उपटून माझ्या हातात दिली. "गवतात गवतासारखीच दिसते. बुडाशी बघ, पांढरी." फूल आलं की पात नीबर होते, मग खुडायची नाही. आम्हाला वाटलेल्या रंगीत कागदावर नेमका फुलावर आलेल्या फोडशीचाच फोटो! तो बघून भाजी शोधायला गेलं तर हाती चोथाच यायचा.

थोडं पुढे एका वेलाच्या पानाचं टोक आकड्यासारखं वळलेलं दिसलं. कळलावी. "फूल लई देखणं, पण कंद इखारी. खणायचा नाय."

मग टाकळ्याचा भारा बांधायचा होता. मावशींनी कोयतीने केवणीची फांदी तोडली, साल सोलली, एक टोक दातात धरून मांडीवर पीळ दिला. दोन मिनिटांत दोरी. मी दोन्ही हातांनी ओढून पाहिली, तुटेना. ही केवण म्हणजेच मुरुडशेंग. लेकीच्या बाळगुटीत वाळकी, पीळदार शेंग मी सहाणेवर रोज उगाळलीय, पण तिचं झुडूप बघायला साठी उलटावी लागली.

जेवणात तांदळाची भाकरी मऊ, टाकळा लसणीवर छान परतलेला, भारंगीचा कडूपणा उकळून पिळून बेताचा ठेवलेला. शेवळांच्या, म्हणजे जमिनीतून वर येणाऱ्या रानकोंबांच्या, भाजीने मात्र घात केला. दुसऱ्या घासाला घसा खवखवायला लागला, शेजारचे काका ताकाचा तिसरा पेला मागत होते. आचारी म्हणाला, "चिंच घातलीय की." मावशी पातेल्यात डोकावल्या, "काकडं किती घातली?" तो गप्प. शेवळांची खाज मारायला काकडाची आंबट फळं लागतातच, आणि ती हात आखडून घालून चालत नाहीत. 900 रुपये घेणाऱ्यांना एवढं ठाऊक हवं.

तरी मी श्रावणात पुन्हा जाणार आहे, तेव्हा कर्टोली आणि कुरडू मिळेल. तुम्ही गेलात तर किती जण आहेत ते आधी फोन करून विचारा, शेवळं पानात घेऊ नका, आणि खुशाल मागे रेंगाळा.