शाईनचा एअर फिल्टर: एक नव्वद रुपयांचा, एक अडीचशेचा

मी गुरांचा डॉक्टर. पदवीवाला नाही, डिप्लोमावाला. पण रेणापूर तालुक्यात गाय माजावर आली की रात्री-अपरात्री फोन मलाच येतो, म्हणून डॉक्टर. गाडी २०१८ ची होंडा शाईन, कार्बोरेटरवाली. मागं रेतनाच्या कांड्या गार ठेवायचा नायट्रोजनचा तीन लिटरचा कॅन बांधलेला. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर होतात, त्यातलं निम्मं डांबरावरून, निम्मं पांदीनं. एप्रिल लागला की पांदीत घोटाभर फुफाटा. पुढं एखादी ट्रॉली असली तर ती दिसत नाही, नुसती ऐकू येते. आणि दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनच्या मळण्या सुरू झाल्या की त्या भुसकटात माणसालाच श्वास घेववत नाही, गाडी काय घेणार.

या गाडीला मी वर्षभरात दोन फिल्टर घातले, दोन्ही घरी, स्वतःच्या हातानं. दोन्हींबद्दल सांगतो.

पहिला लातूरला घेतला. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण माणूस वाईट नाही. ओरिजनल मागितला तर म्हणाला, "ओरिजनल संपलाय, पण हा घ्या, सेम आहे, नव्वदला देतो." डबीवर छापलेलं नाव मी आधी कुठं वाचलं नव्हतं. पट्ट्या दाट होत्या, कागद पिवळाधमक. मला पटला. घातला, गाडी छान पळाली, मी विसरून गेलो.

सहा महिन्यांनी पानगावकडं जाताना चढाला गाडी मुंगीसारखी चालायला लागली. ॲव्हरेज पंचावन्नवरून सेहेचाळीसवर आलं. प्लग काढला तर तव्याच्या बुडासारखा काळा. कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर गच्च झाला की हवा कमी पडते आणि पेट्रोल जास्त, मग ते धड जळत नाही. हे मला माहीत होतं. मिस्त्रीकडं गेलो. तो म्हणाला, "डॉक्टर, नवा कशाला? हवा मारून देतो, पावसाळ्यापर्यंत निघंल."

आमच्याकडं ही 'हवा मारून देतो' लई चालते, म्हणून इथं थोडं थांबतो. फोमचा फिल्टर धुता येतो. सुका कागदी असेल तर झटकून, आतून बाहेर हवा मारून थोडे दिवस काढता येतात. पण शाईनमधला कागद सुका नसतो, त्याला चिकट तेलाचा हात दिलेला असतो. नव्या फिल्टरवर बोट टेकवलं तर किंचित तेलकट लागतं. धूळ त्या तेलाला चिकटते, हेच त्याचं काम. कॉम्प्रेसरनं वरवरची धूळ उडते, रुतलेली तशीच राहते, आणि जोरात मारली तर कागदालाच इजा. साफ करू नका, बदला, आणि धुळीच्या भागात लवकर बदला, असं गाडीच्या पुस्तकातच लिहिलंय. पण पुस्तक आरसीबरोबर कपाटात असतं.

म्हणून रविवारी अंगणात गाडी डबल स्टँडवर लावली आणि नववीतल्या पोराला हाताशी घेतलं. साईडचं कव्हर रबरात बसवलेलं असतं. सरळ ओढायचं, वाकडं ओढलं तर मागचा कान तुटतो. मी पहिल्या वेळी तोडलाय, आता तो फेविक्विकवर आहे. आतल्या डब्याच्या झाकणाला स्टार स्क्रू. काढलेले स्क्रू पोरानं बाटलीच्या टोपणात ठेवले.

झाकण निघालं. हवा आत येते त्या बाजूला भुसकट होतं, एक वाळलेला टोळ होता आणि कोपऱ्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं. फिल्टर मूळचा पिवळा, पण आता आमच्या रानाच्या रंगाचा झालेला. इथपर्यंत ठीक, त्यासाठीच तर तो असतो. मग फिल्टर बाहेर काढला आणि पोरगं म्हणालं, "पप्पा, ही धूळ आतल्या बाजूला कशी काय?"

फिल्टरच्या पलीकडची, इंजिनाकडची बाजू. तिथं बोट फिरवलं तर काळ्या मातीची पूड, टाल्कम पावडरसारखी मऊ. आणि डब्याच्या कडेला, जिथं फिल्टरची रबरी कड टेकते तिथं, एका बाजूला स्वच्छ रेघ आणि दुसऱ्या बाजूला धुळीचा ओघळ. फिल्टर उलटा करून बघितला. कड एका कोपऱ्यात आकसली होती. नखभर फट. कागद चांगलाच होता, पण धूळ कागदातून गेलीच नव्हती. ती कडेनं गेली होती. सहा महिने ती पूड पिस्टन आणि सिलेंडरच्या मधे जात होती. रिंगा झिजल्या की गाडी ऑइल खाते, निळा धूर काढते आणि मग बोअर-पिस्टनचा खर्च हजारांत जातो. दीडशेक रुपये वाचवायला गेलो आणि हे निघालं. माझी गाडी अजून धूर काढत नाही, पण मी रोज सकाळी आरशातून मागं बघतो.

दुसरा फिल्टर मग हट्टानं होंडाचाच आणला, अडीचशेच्या घरात पडला. पाचपैकी साडेचार देतो. कड जाड, चारही बाजूंनी सारखी. दाबली तर दबते आणि परत वर येते. डब्यात बसवताना थोडा जोर लागला आणि मग बसल्याचं बोटांना कळलं. नव्वदवाला नुसता ठेवला तरी बसत होता, तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. अर्धा गुण कापला तो दुकानाचा. डबी टायरांच्या ढिगाखालून काढून दिली, एक पट्टी वाकलेली निघाली, बदलून घ्यावी लागली. वर बिल मागितलं तर माझ्याकडं असं बघितलं की मी जीएसटीवालाच आहे.

डबा ओल्या फडक्यानं पुसला. फुंकायचा नाही, फुंकलं की धूळ थेट इंजिनाकडं जाणाऱ्या नळीत. त्या नळीच्या तोंडात रुमालाचा बोळा कोंबला होता, काही आत पडू नये म्हणून. डब्याखालच्या छोट्या नळीचं बूच काढून साचलेलं काळं पाणी सोडलं. फिल्टर, झाकण, स्क्रू, कव्हर, सगळं बसवलं. बटन दाबलं. नाही. किक मारली. नाही. दहा-बारा किका झाल्यावर पोरानं विचारलं, "पप्पा, रुमाल कुठाय?"

परत सगळं उघडलं. वीस मिनिटांचं काम पाऊण तासावर गेलं. घरातून आवाज आला, "डॉक्टरांनी पेशंटच्या पोटात कापूस ठेवला की काय?"

आता तीन आठवडे झालेत. ॲव्हरेज त्रेपन्नवर आलंय, चढाला तिसऱ्या गिअरमध्ये कॅनसकट निघते. प्लगही बदलला होता, त्यामुळं सगळं श्रेय फिल्टरला देत नाही. काल खरोळ्याहून येताना झाकण उघडून आतल्या बाजूला पांढरं फडकं फिरवून बघितलं. पांढरंच निघालं.

घ्यायला जाल तेव्हा जुना फिल्टर पिशवीत घालून सोबत न्या आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवा. नुसतं 'शाईनचा द्या' म्हणू नका, गाडीचं साल सांगा, बीएस फोर की सिक्स (धुराचा सरकारी निकष) तेही सांगा. आणि दुपारी एक ते तीन जाऊ नका, दुकानात फक्त पोऱ्या असतो आणि त्याला सगळे फिल्टर सेमच वाटतात.