फ्लोरीमीटरचं क्वार्ट्झ फिंगर ड्यूअर : गोव्याच्या दमट हवेत कितपत चालतं?

फ्लोरीमीटर, म्हणजे पदार्थाची चमक मोजणारं उपकरण. त्यात नमुना थंड ठेवायला ड्यूअर, म्हणजे थर्मॉससारखं भांडं, बसवतात. साधा फॉस्फोरेसन्स (उजेड बंद केल्यावरही काही वेळ राहणारी चमक) मोजायला हे ड्यूअर उत्तम. पण गोठलेल्या सेंद्रिय काचेत (काचेसारखा घट्ट झालेल्या सेंद्रिय द्रावकात) अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचा उशिरा येणारा उजेड टिपायचा असेल, तर ताळगाव पठारावर किंवा झुआरीनगरला, त्यातून जुलैत, नुसतं ड्यूअर पुरत नाही.

रचना सगळ्यांना ठाऊक आहे : दुहेरी भिंतीत निर्वात पोकळी, आत द्रव नायट्रोजन, खाली मुलामा नसलेलं बोट आणि त्यात नमुन्याची नळी. घेताना बोट आणि नळी दोन्ही कृत्रिम सिलिकाची मागा. नैसर्गिक क्वार्ट्झ वितळवून केलेला माल स्वस्त पडतो, पण अतिनील उजेडात तो स्वतःच फिकट निळा चमकतो. रिकाम्या नळीवर एक मोजणी करून ठेवावी. ती आधाररेषा पुढे सतत लागते.

बोटावर बाहेरून दव धरलं, तर दोन कारणं असतात. हवा दमट असेल तर नमुन्याच्या कप्प्यात कोरडा नायट्रोजन वायू सोडला की ते जातं. तरीही राहिलं, तर भिंतीतली निर्वात पोकळी गेली, ड्यूअर परत पाठवा. आतल्या बर्फाचे कण प्रकाश विखुरतात, म्हणून नायट्रोजन कापसाच्या बोळ्यातून गाळून ओतावा. उघड्या भांड्यात हवेतला ऑक्सिजन द्रवात उतरतो आणि तापमान हळूहळू वर सरकतं. वरचेवर भर घालण्यापेक्षा सगळा द्रव बदलणं बरं. ऑक्सिजनयुक्त द्रव सेंद्रिय द्रावकाजवळ धोकादायकही आहे.

ही एक-दोन अंशांची चूक इथे महाग पडते. 3-मिथाइलपेंटेनची काच 77 केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, जेमतेम घट्ट असते. थोडी ऊब लागली की इलेक्ट्रॉन लवकर सुटतात. 2-मिथाइलटेट्राहायड्रोफ्युरानची काच सुमारे 91 केल्विनपर्यंत टिकते, म्हणून सुरुवात तिच्यावर करावी. द्रावकातलं पेरॉक्साइड काढून, तो कोरडा करून, त्यात टीएमपीडी (टेट्रामिथाइल-पॅरा-फेनिलीनडायअमीन, उजेडात इलेक्ट्रॉन सोडणारं संयुग) सुमारे 10⁻⁴ मोलर. गोठवून, पंप लावून, वितळवण्याची फेरी तीन-चार वेळा करावी; ऑक्सिजन राहिला तर तोच इलेक्ट्रॉन पकडतो. नळी सावकाश बुडवावी. काचेला तडे गेले तर नमुना वितळवून पुन्हा सावकाश गोठवा.

टीएमपीडीचं आयनीकरण ट्रिप्लेटमधून (रेणूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेतून) दोन फोटॉनांनी होतं. मोनोक्रोमेटरच्या (एकच तरंगलांबी निवडणाऱ्या भागाच्या) बारीक फटीतून आलेला उजेड अर्धा झाला, तर उत्पन्न साधारण चौथाईवर येतं. म्हणून इथे पारा-दिव्याची 313 नॅनोमीटरची रेषा बरी. काचेला निळा रंग आला, की धन-आयन तयार झाल्याची खूण पटते.

उजेड बंद केल्यावर पहिले काही सेकंद फॉस्फोरेसन्सचे. पुढचा मंद उजेड इलेक्ट्रॉन बोगद्याने (क्वांटम टनेलिंगने) धन-आयनाकडे परतल्याचा, मिनिटांपर्यंत चालणारा. लॉग-लॉग आलेखावर (उजेड आणि वेळ दोन्ही लॉग मापात) उतार उणे 1 च्या आसपास येतो. 1952 मध्ये डेबाय आणि एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी अशाच घटीचा अभ्यास केला. सरळ रेषा सेमी-लॉगवर (फक्त उजेड लॉग मापात) येत असेल, तर तुम्ही फॉस्फोरेसन्सच मोजत आहात.

खोलीत लाल दिवा अजिबात नको. फोटोच्या डार्करूममध्ये तो सुरक्षित असतो, पण अडकलेले इलेक्ट्रॉन लाल आणि अवरक्त उजेडानेच सुटतात. हीच खोड परीक्षेला वापरता येते : मंदावलेल्या नमुन्यावर अवरक्त झोत टाकला आणि तो पुन्हा उजळला, तर इलेक्ट्रॉन खरेच अडकले होते.

नळीचं टोक वितळवून बंद केलं असेल, तर बाहेर काढण्याआधी चष्मा लावा. सूक्ष्म भेगेतून आत शिरलेला द्रव नायट्रोजन तापून वायू होताना नळी फोडतो.