पेंग्विनसाठी निघताय? द्वीपकल्प की साउथ जॉर्जिया?

अर्जेंटिनातल्या उशुआयाहून सुटणाऱ्या जहाजांचे मुख्य पर्याय दोन. थेट अंटार्क्टिक द्वीपकल्प गाठून परत, दहा-अकरा दिवसांत. किंवा फॉकलंड आणि साउथ जॉर्जिया करून मग द्वीपकल्प, जवळपास तीन आठवडे. खर्चही त्याच मानाने चढतो.

द्वीपकल्पावर जेंटू, चिनस्ट्रॅप आणि अ‍ॅडेली हे पेंग्विन भेटतात. नोव्हेंबरात बर्फ स्वच्छ असतो, घरट्यांसाठी खडे गोळा करायची, शेजाऱ्याचे पळवायची धांदल चाललेली असते. पिल्लं बघायची तर जानेवारी. एम्पररची आशा मात्र धरू नका, नेहमीच्या मार्गांवर तो क्वचितच दिसतो.

रजा आणि पैसा दोन्ही जमत असेल, तर माझं मत साउथ जॉर्जियाला. सेंट अँड्र्यूज बे या एका उपसागरात किंग पेंग्विनच्या सुमारे दीड लाख जोड्या! किंगचं पिल्लू वाढायला वर्षभर लागतं, त्यामुळे तपकिरी लवेची पिल्लं कोणत्याही महिन्यात असतात. वाँडरिंग अल्बट्रॉस हा समुद्रपक्षीही इथे घरटी करतो. पंख पसरले की तीन मीटरहून रुंद. शिकारी जहाजांतून आलेल्या उंदरांनी या बेटावरची अंडी-पिल्लं फस्त केली होती. मोठी मोहीम काढून त्यांचा नायनाट केला, २०१८मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं, आणि फक्त इथेच आढळणारा साउथ जॉर्जिया पिपिट पुन्हा सगळीकडे गाऊ लागला. मला या बेटाची ओढ आहे ती यासाठी. अडचण एकच: २०२३पासून तिथे बर्ड फ्लू पोहोचलाय, एखादा किनारा ऐनवेळी बंद असू शकतो.

बोट लागते म्हणून काही जण चिलीहून विमानाने द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर उतरतात. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या खवळलेल्या समुद्राचे, म्हणजे ड्रेक पॅसेजचे, दोन दिवस वाचतात खरे, पण जहाजामागे तरंगणारे अल्बट्रॉस आणि केप पेट्रेल हुकतात. पक्ष्यांसाठी जात असाल तर गोळ्या घ्या, पण समुद्रानेच जा.

मार्ग कुठलाही असो, जहाज लहान निवडा. एका वेळी शंभरच प्रवासी किनाऱ्यावर उतरवता येतात. पाचशेहून जास्त प्रवाशांचं जहाज तर कुणालाच उतरवत नाही.

आणि डेकवर उभे असाल तेव्हा लाटांवर पाय टेकवत नाचणारा, पांढऱ्या कमरेचा चिमुकला काळा पक्षी शोधा. तो विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. अंटार्क्टिकात पिल्लं वाढवून तो उत्तरेकडे निघतो, तो थेट आपल्या अरबी समुद्रापर्यंत येतो.