बायबॅक ठेवायचा की नाही? ड्रॉ आणि वेळेच्या हिशेबाने तुलना

एका दिवसात उरकायची स्पर्धा असली की बायबॅकचा मोह होतोच. पहिल्या फेरीत हरलेला खेळाडू ठरलेली फी भरतो आणि स्पर्धेत परत येतो. एवढी तयारी करून आलेल्याला एका सामन्यात घरी जावं लागत नाही, वर बक्षिसाची रक्कमही वाढू शकते. पूल (टेबलावर काठीने चेंडू मारायचा खेळ), डार्ट्स, ड्रॅग रेसिंग अशा खेळांत ही सोय चांगली रुळलेली आहे. अडचण आयोजकाची असते. पहिली फेरी संपेपर्यंत दुसऱ्या फेरीत किती जण असतील हेच त्याला ठाऊक नसतं, आणि ड्रॉचे (म्हणजे कोण कोणाशी खेळणार या सोडतीचे), वेळापत्रकाचे बहुतेक पेच तिथूनच सुरू होतात.

तुलनेसाठी एकच उदाहरण धरू. २४ खेळाडू, ४ टेबलं, एका सामन्याला २० मिनिटं. पहिल्या फेरीत हरलेल्या १२ पैकी ८ जणांनी बायबॅक घेतला. चारही टेबलांवर एकाच वेळी होणाऱ्या खेळाला एक खेप म्हणू, आणि एक फेरी पुरी झाल्याशिवाय पुढची सुरू करायची नाही असं समजू. बाय म्हणजे सामना न खेळताच पुढच्या फेरीत जाणं.

| पद्धत | सामने | खेपा | वेळ |
|---|---|---|---|
| साधी बाद पद्धत (पहिल्या फेरीत ८ बाय) | २३ | ७ | २ तास २० मिनिटं |
| बायबॅक, थेट दुसऱ्या फेरीत | ३१ | ११ | ३ तास ४० मिनिटं |
| बायबॅक, वेगळ्या फेरीतून | ३१ | ९ | ३ तास |
| दुहेरी बाद पद्धत | ४६ किंवा ४७ | किमान १२ | ४ तास किंवा जास्त |

सामन्यांचा आकडा काढणं सोपं आहे. प्रत्येक सामन्यात एक प्रवेश संपतो आणि शेवटी एकच उरतो. म्हणून मूळ प्रवेश अधिक बायबॅक, वजा एक. कोणीच परत आलं नाही तर २३, बाराही जण आले तर ३५. हॉल ठरवताना ३५ धरूनच ठरवावा.

साध्या बाद पद्धतीचं बलस्थान म्हणजे ड्रॉ एकदाच निघतो. विम्बल्डनच्या एकेरीत १२८ खेळाडू, ३२ मानांकित आणि ७ फेऱ्या असा तक्ता आधीच जाहीर होतो. कोणाच्या वाटेत कोण येऊ शकतं हे पहिल्या दिवशीच दिसतं. लहान स्पर्धेतही त्याचा फायदा असा की दोन सामने संपले की त्यांच्या विजेत्यांना लगेच टेबलावर बोलावता येतं, बाकीच्यांसाठी थांबावं लागत नाही. इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या एफए कपमध्ये मात्र फेरीगणिक नव्याने सोडत निघते. बायबॅक ठेवलात तर निदान एकदा तुम्हाला या दुसऱ्या वाटेने जावंच लागतं. दुसऱ्या फेरीची सोडत पहिली फेरी पूर्ण संपल्यावर आणि बायबॅकची मुदत उलटल्यावरच निघणार. ही मुदत लांबू द्यायची नसेल तर हरलेल्याला निकाल नोंदवतानाच विचारावं: परत येणार की नाही? फेरीच्या शेवटी घोषणा करत बसलात तर अर्धे जण चहाला गेलेले असतात.

आता बायची गोम. साध्या पद्धतीत २४ जणांना ३२ च्या तक्त्यात बसवून ८ बाय पहिल्याच फेरीत देणं योग्य असतं. बायबॅकमध्ये तेच केलं तर बाय मिळालेला खेळाडू दुसऱ्या फेरीत आपला पहिलाच सामना खेळतो, हरतो, आणि त्याला परतीचा दरवाजा बंद! म्हणून एकतर पहिल्या फेरीत सगळ्यांना खेळवावं, नाहीतर नियमात ‘पहिली फेरी’ न लिहिता ‘खेळाडूचा पहिला सामना’ असं लिहावं. मला पहिला उपाय बरा वाटतो; दुसऱ्याने अनिश्चितता आणखी एक फेरी पुढे ढकलली जाते.

परत आलेल्यांना कुठे घ्यायचं, हा खरा निर्णय. थेट दुसऱ्या फेरीत घेतलं तर १२ आणि ८ मिळून २०. मग १०, मग ५, मग ३. पाच उरले की एकाला बाय, तीन उरले की पुन्हा एकाला, म्हणजे कोणीतरी उपांत्य सामना न खेळताच अंतिम फेरीत. त्यावर वाद होणार, हे लिहून ठेवा. ही बाय एकाच खेळाडूला दोनदा नको आणि बायबॅक घेतलेल्याला तर नकोच, हे आधी जाहीर केलेलं असावं. नुकतीच झालेली जोडी लगेच पुन्हा समोरासमोर आली तर चिठ्ठी बदलावी.

वेगळी फेरी म्हणजे परतलेल्या ८ जणांनी आधी आपसात ४ सामने खेळायचे. त्यातले ४ विजेते आणि आधीचे १२ मिळून १६, आणि पुढे शेवटपर्यंत एकही बाय लागत नाही. सामने तेवढेच, ३१; पण टेबलं रिकामी राहत नाहीत म्हणून दोन खेपा वाचतात. हिशेबाने पाहिलं तर ही जिंकलेल्या बाराही जणांना दिलेली बायच आहे, आणि ती त्यांनी कमावलेली असते. परतणाऱ्याला फीबरोबर एक जादा सामनाही मोजावा लागतो, हे मला न्याय्य वाटतं. बायबॅक ४ ते ८ असतील तोवर काही परतणाऱ्यांना त्या फेरीत बाय देऊन १६ जमतात. त्याहून जास्त झाले तर आणखी एक खेप धरावी. तीन किंवा कमी असतील तर वेगळी फेरी सोडून द्यावी आणि सरळ पुढच्या सोडतीत घ्यावं.

बायबॅकमधली एक असमानता मात्र कुठल्याही ड्रॉने जात नाही. पहिल्या फेरीत हरलेल्याला दुसरी संधी आहे, दुसऱ्या फेरीत हरलेल्याला नाही. दुहेरी बाद पद्धतीत प्रत्येकाला एका पराभवाची मुभा असते, दुसऱ्या पराभवाला तो बाद होतो, पैशाचा संबंध नाही, आणि अजिंक्यपदाला वजन हवं असेल तर मी तीच निवडेन. तिथे वेळ खातो तो शेवट: उरलेले सामने एकमेकांच्या निकालावर अडकलेले असतात आणि चारपैकी तीन टेबलं नुसती बघत बसतात. तक्त्यातले चार तास म्हणजे कागदावरचा किमान आकडा. कुस्ती, ज्युदोतला रेपेशाज ही आणखी वेगळी गोष्ट, त्यात दुसरी संधी कांस्यपदकापुरतीच असते.

रात्री ठरावीक वेळेला जागा रिकामी करायची सक्ती असेल, तर बायबॅकच्या भानगडीत न पडता साधी बाद पद्धत घ्या. दिवसभराची मोकळीक असेल आणि खेळाडू हौसेने आलेले असतील तर बायबॅक, तोही वेगळ्या फेरीतून. फी किती, मुदत कधी संपते, एकाला किती वेळा परतता येतं आणि जमलेली रक्कम बक्षिसात जाते की खर्चात, हे पहिली चिठ्ठी निघण्याआधी भिंतीवर लागलेलं असावं.