परसबागेसाठी ‘रत्ना’ आंब्याचे कलम : एक अभिप्राय

घरामागे जेमतेम एका आंब्यापुरती जागा असेल, तर हापूसऐवजी ‘रत्ना’चे कलम लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झालेली आणि १९८१ साली प्रसारित झालेली ही जात हापूससारखी एक वर्षाआड रुसत नाही, तिच्या फळात साका (गरात तयार होणारा पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग) होत नाही आणि झाडाचा पसाराही आटोपशीर राहतो.

आम्ही आणलेल्या कोय कलमाचा, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर (खुंटावर) ‘रत्ना’ची काडी बांधून केलेल्या कलमाचा, जोड चांगला भरलेला होता. लावल्यानंतर दुसऱ्याच हिवाळ्यात त्याला मोहोर आला. घरच्यांना त्याचे अप्रूप वाटणे साहजिकच, परंतु पहिली तीन वर्षे ही घाई आवरावीच लागते. आंब्याचा मोहोर मुख्यतः पक्व काडीच्या शेंड्यावर येतो, त्यामुळे त्या काडीची वाढ तिथेच थांबते. आणि करंगळीएवढ्या खोडाने फळे धरली, की पालवीच्या वाट्याचे अन्न फळांकडे जाते. मोहोर खुडण्याची वेळही साधावी लागते. ऐन थंडीत खुडला, तेव्हा खालच्या पानांच्या बगलेतून पुन्हा मोहोरच डोकावला. थंडी ओसरल्यावर, फळे वाटाण्याएवढी होण्याआधी खुडला, तेव्हा मात्र त्याच शेंड्याखालचे डोळे फुगून तांबूस, लुसलुशीत पालवी फुटली. त्या फुटव्यांपैकी वेगवेगळ्या दिशांना जाणारे तीन राखले आणि बाकीचे काढले. झाडाचा सांगाडा आज त्यांवरच उभा आहे.

तक्रार आहे ती विक्रीच्या पद्धतीबद्दल. पिशवीतच मोहोरलेले कलम रोपवाटिकेत चढ्या दराने पुढे केले जाते, आणि मोहोर खुडावा किंवा जोडाखाली येणारी रायवळ खुंटाची फूट वेळीच काढावी, हे कोणी आपणहून सांगत नाही. ती फूट राहिली, तर ती जोमाने वाढून मूळ कलमालाच दडपून टाकते. एवढी माहिती छापलेली साधी चिठ्ठी प्रत्येक कलमासोबत द्यायला हवी.

खरेदी करताना मोहोर पाहून भुलू नये. जोडावर भेग नसलेले, सरळ खोडाचे आणि गर्द हिरव्या, जून पानांचे कलम निवडावे आणि ते पावसाळ्याच्या सुरुवातीला, जोड मातीच्या वर राहील अशा बेताने लावावे.