लाचलुचपत विभाग की लोकायुक्त?

फेरफार नोंदीसाठी कोणी पैसे मागत असेल तर लोकायुक्तांना अर्ज लिहीत बसू नका, थेट १०६४ लावा. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी करतो, मग नोटांना अँथ्रासीन पावडर लावून सापळा रचतो. पैसे घेणाऱ्याची बोटं अतिनील दिव्याखाली निळसर चमकली की पंचनामा सुरू. अशा रंगेहाथ अटकेला कोणाची पूर्वपरवानगी लागत नाही.

अडचण वरच्या मजल्यावर आहे. मोठा साहेब स्वतःच्या हाताने नोटा घेतो कशाला? तो निविदेवर सही करतो. त्या निर्णयाची चौकशी करायची तर २०१८ पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७अ प्रमाणे आधी सरकारची मान्यता हवी, पुढे खटल्यासाठी कलम १९ ची मंजुरी वेगळी. त्यात हा विभाग गृहखात्याखालचा. म्हणजे चोराच्या घराची किल्ली चोराच्याच भावाकडे!

लोकायुक्त त्या मानाने स्वतंत्र. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने मंत्रीही त्यांच्या कक्षेत आले, फाइल मागवता येते, वकील लागत नाही. पण शेवटी हाती काय पडतं? शिफारस. ती पाळायची की नाही, हे सरकार ठरवणार.

शेजारच्या कर्नाटकात लोकायुक्तांकडे स्वतःचे पोलिस आहेत. तिथे लोकायुक्तांच्या २०११ च्या बेकायदा खाणकामावरच्या अहवालानंतर येडियुरप्पांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने मात्र त्यांना निर्दोष सोडलं. आपल्याकडे, अडलेली फाइल हलवायला लोकायुक्त बरे. बेडी हवी असेल तर लाचलुचपत विभागच.